पिवळी पट्टी आणि तुझी सही

नलू, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आपल्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. मी अस्थी आणायला निघालो होतो. बाबूलाल भैया, आपल्या समोरचा हार्डवेअरवाला, शिडी धरून उभा होता आणि त्याची माणसं वर दोऱ्या बांधत होती. फ्लेक्सवर माझा फोटो मोठा, हात जोडलेला, चांगला हसरा, निवडणुकीतला तोच. तुझा खाली कोपऱ्यात, डोक्यावर पदर, पासपोर्ट साइजचा. आणि मजकूर असा: ‘हमारे लोकप्रिय पार्षद श्री सुधाकर जी की धर्मपत्नी श्रीमती नलिनी जी को समस्त व्यापारी बंधुओं की ओर से विनम्र श्रद्धांजलि.’

मी खाली उभं राहून दोनदा वाचलं. बाबूलाल माझ्या गळ्यात पडून रडला. खोटं नाही सांगत, खरंच रडला. त्यात काही चुकलं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तिकडे महाराष्ट्रात नगरसेविका म्हणतात, इकडे आपल्या रायपुरात पार्षद. शब्द कुठलाही घे, ती तू होतीस. मतं तुला पडली होती, शपथ तू घेतली होतीस. मी तात्यापारा मोहल्ल्यात कुकर आणि मिक्सर दुरुस्त करणारा माणूस. पण मी मान हलवली आणि निघालो.

घरी येऊन मेघापाशी चिडचिड केली. आपली पोरगी नेहमीप्रमाणे हिंदीतच बोलली, “पापा, उनकी क्या गलती है? आप ही ने तो सबको यही सिखाया.” आवाज चढवून नाही म्हणाली. तुझ्या साडीची घडी घालत होती, घालत राहिली. मी पाणी प्यायला उठलो.

मराठी मंडळाच्या लोकांनी तुझ्यावर एक पान मागितलं आहे, अंकात छापायला. जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं असं सगळं लिहा म्हणाले. मी कागद पुढे ओढला आणि पदापाशीच अडकलो. म्हणून हे तुलाच लिहितो. त्यांना छापायचं असेल तर छापोत.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्याची बातमी आली, तेव्हा मी चार दिवस नीट जेवलो नव्हतो. आठवतं ना? किती वर्षं मी त्या खुर्चीसाठी झिजत होतो. कुणाचा नळ, कुणाची नाली, कुणाच्या दारचा दिवा, गणपतीचा मांडव. आणि ऐन वेळी चिठ्ठी बायांच्या नावानं निघाली. मग बाबूलालच म्हणाला, “भाभीजी को खड़ा कर दो भैया, काम तो आप ही को करना है.” मी नाचतच घरी आलो. तू परातीत तूरडाळ निवडत होतीस.

“नाव तुझं, काम माझं,” मी म्हणालो. “तुले काहीच करा लागणार नाही.”

तू डाळीतला खडा काढून बाजूला ठेवलास. “मंग मले कायले उभी करून राहिले? एखादा फोटोच उभा करा ना.”

हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विनोद म्हणून सांगितलं. लोक हसायचे, मीही हसायचो. आज मोजायला बसलो तर कळतं की तू ते विनोदानं म्हटलंच नव्हतंस.

आणि मग आपण, म्हणजे मी, पार्षद झालो. तुझ्या नावाची मोहर माझ्या दुकानाच्या गल्ल्यात, कुकरच्या रबरांशेजारी. रहिवासी दाखला हवा, या. पेन्शनच्या अर्जावर शिफारस हवी, या. मी ठप्पा मारायचो आणि तुझी सही ठोकायचो. सुरुवातीला तुझ्यासारखीच करायचो. मग मला ती फार साधी वाटायला लागली, शाळेतल्या पोरीची वाटायची. म्हणून मी ‘न’ला मोठा घुमाव दिला, खाली रेघ ओढली, रेघेखाली दोन टिंबं दिली. पार्षदाची सही कशी रुबाबदार पाहिजे.

तुझ्या मागे तुझ्या नावाची नवी सही तयार झाली आणि तुला पत्ताही नव्हता. पत्ता लागला तो निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचेरीत. गल्लीच्या मागच्या घरांना पाणी चढत नाही असं पत्र तू स्वतः लिहिलंस, स्वतः सही केलीस आणि मला न सांगता एकटी ऑटोने जाऊन देऊन आलीस. देऊन आलीस कसलं, देऊ दिलंच नाही. सभेचं कामकाज बघणाऱ्या बाबूंनी आधीची पत्रं काढली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मैडम, हस्ताक्षर मैच नहीं कर रहा. पार्षद जी से करवा के लाइए.”

तू भर उन्हात थेट दुकानात आलीस. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. पत्र माझ्यासमोर धरलंस. “अहो, माझी सही माझी नाही म्हणते तो.”

मी इतका हसलो की गिऱ्हाईकही हसायला लागलं. तूही हसलीस थोडी. मी तिथल्या तिथे, एका कुकरच्या झाकणावर कागद ठेवून सही करून दिली. घुमाव, रेघ, दोन टिंबं. “आता दाखव जाऊन,” म्हणालो. तू कागद घेतलास आणि गेलीस. त्यानंतर तुझी सही कधी अडली नाही. मी समजलो, विषय संपला.

दहाव्या दिवशी मेघानं मला एक वही आणून दिली. तिचीच शाळेची जुनी वही, मागची पानं कोरी राहिलेली. त्या पानांवर तू तुझं नाव लिहिलं होतंस, ओळीनं, पानंच्या पानं, मी करायचो तसं. पहिल्या पानावर घुमाव वाकडा. तिसऱ्या पानावर जमायला आलेला. शेवटच्या पानावर माझ्यापेक्षाही सफाईदार. बालवाडीतलं मूल बाराखडी गिरवतं तशी तू स्वतःची सही गिरवत बसली होतीस, साठीला टेकलेली बाई. मी वही मिटली आणि मला मोठ्यानं रडू आलं नलू. स्मशानात आलं नव्हतं तेवढं.

आता त्या सभेचं बोलतो. ते आपण कधी नीट बोललोच नाही.

आपली गल्ली तोंडाशी रुंद आहे, दुकानांची. मागे ती अरुंद होते आणि जरा चढते. तिथल्या नळांना धार पोचत नाही, म्हणून टँकर येतो. पण टँकर माझ्या दुकानापाशीच थांबायचा. पुढे जायला जागाच नसायची. दोन्हीकडे स्कूटर, मोटरसायकली, बाबूलालचे पाइप आणि माझ्या दुकानापुढे दुरुस्तीला आलेल्या भांड्यांच्या पेट्या. मागच्या बाया तिथून बादल्या उचलून न्यायच्या, गाड्यांच्या मधून, अंग चोरून. त्यातली सुखबती दीदी तर गुडघ्यानं बेजार. तू सकाळी जाऊन तिचं पाणी भरायला लागलीस. एक दिवस कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा कोपराला लागून हिरवानिळा डाग घेऊन आलीस. मी संतापलो.

“पार्षदाच्या बायकोनं लोकाचं पाणी भरा लागते काय?”

तू डागाला हळद लावत होतीस. माझ्याकडे बघत राहिलीस. “पार्षदाच्या बायकोनं?” एवढंच विचारलंस. माझी तेव्हाही ट्यूब पेटली नाही. मी म्हणालो, “हो मग.” तू हळदीची वाटी झाकलीस आणि कणीक मळायला घेतलीस.

सभेपुढे त्या महिन्यात दोन विषय होते. एक, जलकर म्हणजे पाणीपट्टी वाढवायची. दुसरा, बाजाराच्या गल्ल्यांत पिवळी पट्टी मारायची. पट्टीच्या बाहेर गाडी दिसली की उचलायची, सामान दिसलं की जप्त करायचं. पक्षाचा निरोप होता की जलकराला हात वर करा. आणि पार्किंगच्या नियमाला विरोध करू, असा शब्द मी बाबूलालला आणि सगळ्या दुकानदारांना दिला होता. तुझ्या वतीनं. तुला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोनच ओळी लिहिल्या: ‘जलकर, हाँ. पार्किंग, विरोध.’ कागद तुझ्या हातात दिला. तू घडी घालून पर्समध्ये ठेवलास आणि “हव” म्हणालीस. तुझं ते हव. गोंदियाहून लग्न करून आलीस तेव्हा या छत्तीसगढी हवला हसायचीस. मग तेच तुझ्या तोंडी इतकं बसलं की हो वेगळं आणि हव वेगळं झालं. हो म्हणजे होकार. हव म्हणजे तुमचं बोलून झालं ना, आता जा. तीस-पस्तीस वर्षांत मला हे कळायला हवं होतं.

स्कूटरवरून तुला सोडलं. खाली चहाच्या टपरीवर आम्ही नेहमीचे उभे होतो, पाच-सहा पार्षद-पती, परीक्षेच्या दिवशी शाळेबाहेर बाप उभे असतात तसे. तुला आजवर वाटत आलं की मी त्या दिवशी तिथंच होतो. मीच तसं सांगितलं होतं. आज खरं सांगतो. मी वर गेलो होतो. माझ्या दोन ओळी तू कशा वाचतेस ते बघायची मला हौस होती. दर्शकांच्या गॅलरीत खांबामागे बसलो, तुला दिसू नये म्हणून.

तू उठलीस. पर्स उघडलीच नाहीस. माइक जवळ ओढताना तुझ्या बांगड्या वाजल्या, सगळ्या हॉलभर ऐकू आल्या. हिंदी तुझी तशीच, अर्धी मराठी.

“सभापति महोदय, हमारी गली में पीछे के घरों में नल है, पानी नहीं है. खोलो तो हवा आती है. जिसके नल में हवा आती है, उसने हवा का टैक्स काहून देना? पहले पानी चढ़ाओ, फिर टैक्स चढ़ाओ.”

काही लोक हसले. तू थांबलीस आणि पुढे बोललीस. “और टैंकर भी वहाँ तक नहीं जाता. क्यों नहीं जाता? हमारी दुकान के सामने गाड़ियाँ खड़ी रहती हैं इसलिए. दूसरों की नहीं, हमारी दुकान बोल रही हूँ, मेरे घर की. पट्टी मारनी है तो मारो. पहली पट्टी वहीं से मारो.”

मागून कुणीतरी ओरडलं, “भाभीजी, भैया से पूछ लिया क्या?” सगळा हॉल खो खो हसला. मी खांबामागे अंग आवळून बसलो. मला वाटलं आता तू बसशील, आता रडशील. तू हसणं संपेपर्यंत उभी राहिलीस. मग म्हणालीस, “भैया को भी आज ही पता चलेगा.”

नलू, शपथेवर सांगतो. ही माझी बायको, असं शेजारच्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि त्याच क्षणाला बाबूलालचं तोंड डोळ्यांपुढे आलं, कानशिलं तापली. दोन्ही एकाच वेळी होत होतं. मी मागच्या जिन्यानं खाली उतरलो. त्या जिन्यात मला ठरवायचं होतं की तुला काय दाखवायचं, आणि मी राग दाखवायचं ठरवलं.

तू बाहेर आलीस तेव्हा मी टपरीवर चहा घेऊन उभा होतो. तुझं तोंड लाल झालं होतं, दहावीचा निकाल घेऊन येणाऱ्या पोरीसारखं. “ऐकलं काय तुम्ही, मी काय बोलली ते?”

“मी इथंच होतो,” मी म्हणालो. “चहा पिऊन राहिलो होतो.”

“हव,” तू म्हणालीस आणि स्कूटरवर मागे बसलीस. बूढ़ा तालाबपाशी सिग्नलला थांबलं की तुझा हात रोज माझ्या खांद्यावर असायचा. त्या दिवशी तू मागची दांडी धरली होतीस.

घरी आल्यावर भांडलो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. माझी इज्जत घालवली, माझा शब्द घालवला, मी असं काय काय म्हणालो.

“आधी काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं,” तू शांतपणे म्हणालीस. “मंग मले तुमचं ऐका लागलं असतं.”

मी आठ दिवस अबोला धरला. त्या आठ दिवसांत तू एकच गोष्ट केलीस. दुकानातून मोहर उचलून नेलीस आणि स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलीस. लोक दाखल्यासाठी घरी यायला लागले. बाया तर ओट्यापर्यंत यायच्या, दाखल्यासोबत चहा पिऊन जायच्या. मला दुकानात कुणी विचारेनासं झालं आणि मी कुकरच्या शिट्ट्या घासत बसायचो.

जलकराचा विषय पुढच्या सभेवर गेला. पार्किंगचा नियम पास झाला. पट्टी मारायला माणसं आली ती थेट आपल्या दुकानापुढे. पहिली पट्टी, तू म्हणाली होतीस तशीच. बाबूलाल मला टोमणे मारत होता आणि मी पेट्या आत ओढत होतो, कमरेला हात लावून, तुला ऐकू जाईल असं कण्हत. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर माझ्या दुकानावरून पुढे गेला. पार शेवटपर्यंत. थोड्या वेळानं सुखबती दीदी लंगडत दुकानापाशी आली. मोकळ्या हातानं, बादलीशिवाय. “भैया, दीदी ला बता देबे, पानी दुआर तक आ गे.”

मी हो म्हणालो. आणि तुला सांगितलं नाही. संध्याकाळी भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं, मेघाचा फोन आला होता हे सांगितलं, आणि एवढा एक निरोप सांगितला नाही. तुला तो दुसरीकडून कळला असणारच. पण तो माझ्या हाती दिला होता. अबोला संपला होता आपला, चहा-पाणी, हसणं, चिडवणं सगळं पूर्वीसारखं सुरू झालं होतं. फक्त तो दिवस दोघांच्या मध्ये पडून होता आणि दोघंही त्याला वळसा घालून जात होतो. मला वाटायचं, बोलू कधीतरी. घाई काय आहे?

त्या सकाळी तू तांदूळ धूत होतीस. “हाताले मुंग्या आल्या पहा,” म्हणालीस आणि ओटा धरून खाली बसलीस. तुझं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसलं. मी फोन केला. अँब्युलन्स आली ती दारात आली नलू, अगदी उंबऱ्याशी. मध्ये एक स्कूटर नाही, एक पाइप नाही. पोरांनी तुला स्ट्रेचरवर घेतलं आणि पाच मिनिटांत गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मी तुझा हात धरून बसलो होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. ‘पाहिलं, तुझ्या पट्टीमुळं गाडी दारात आली. आणि त्या दिवशी मी वर होतो, मी सगळं ऐकलं.’ तू शुद्धीवर आलीस की पहिलं हेच सांगायचं. चांगलं घोटून ठेवलं होतं. दोन दिवस आयसीयूच्या बाहेर लोखंडी खुर्चीवर बसून घोटलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं होतं, पण रक्तस्राव फार मोठा होता. रस्ता तू मोकळा करून ठेवला होतास, आणि तरी गेलीस. यात मी कुणावर रागवू, सांग.

तेरवीला सगळे आले. जेवणं झाल्यावर पक्षाचे एक जण माझ्या शेजारी टेकले, हळूच म्हणाले, “अब बिटिया को खड़ा कर दीजिए भैया. पार्षद तो आप ही रहेंगे.” मेघा पानं उचलत होती. ती थांबली. “अंकल, मम्मी सभा में बोली थीं. आपने सुना था?” ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. मेघाही माझ्याकडे बघत होती. ती वाट बघत होती, आणि मी खाली मान घालून बडीशेप चघळत राहिलो. खांबामागून बाहेर यायची तेव्हाही माझी हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी दुकान उघडलं. डोकं ठिकाणावर नव्हतं. स्कूटर जुन्या सवयीनं पुढे लावली, अर्धी पट्टीच्या बाहेर. तासाभरानं गाड्या उचलणारी क्रेन आली. पट्टे अडकवून माझी स्कूटर वर गेली, तेवढ्यात बाबूलाल धावत आला. “अरे उतारो, उतारो! पार्षद जी की गाड़ी है. घर में गमी हुई है, दिखता नहीं?” त्या माणसानं हात जोडले, माफी मागितली, पट्टे सोडायला लागला.

माझ्या तोंडून निघालं, “रुको. चालान काटो.”

“नहीं सर, आप पार्षद…”

“मैं पार्षद नहीं हूँ. पार्षद मेरी पत्नी थीं. ये नियम उन्होंने पास करवाया है. मैं उस दिन ऊपर गैलरी में बैठा था, मैंने अपने कानों से सुना है.”

बाबूलाल माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मान वर करून फ्लेक्सकडे बघितलं. त्याचं तोंड उतरलं. त्यानं स्वतःच शिडी आणायला माणूस पाठवला. मला त्याला काही सांगावं लागलं नाही.

क्रेनवाल्यानं पावती पुढे केली, इथे सही करा म्हणाला. मी पेन घेतलं आणि हात आपोआप चालला. ‘न’ लिहून झालाही. घुमाव दिलेला. मी थांबलो, म्हटलं, चूक झाली, दुसरी दे. पण नलू, मी त्या ‘न’कडे बघत होतो आणि मला तुझा खरा ‘न’ आठवेना. तू लग्नाआधी करायचीस तो. पत्रात करायचीस तो. मी घरी येऊन कपाट उपसलं. बँकेचं पुस्तक, अर्ज, दाखले. सगळीकडे माझीच सही, कुठे मी केलेली, कुठे तू माझ्यासारखी केलेली. तुझी कुठेच नव्हती. माणूस गेलं, आणि त्याची एक सहीसुद्धा मी शिल्लक ठेवली नव्हती.

काल निगमच्या कचेरीत गेलो, तुझ्या मृत्यूचा दाखला जमा करायला. तेच बाबू होते, चष्मा वर करणारे. माझा हात धरून बसवलं त्यांनी. मी म्हणालो, सभेचं हजेरीचं रजिस्टर एकदा बघू द्या. त्यांनी का असं विचारलं नाही, समोर आणून ठेवलं. पानं उलटत गेलो. पहिल्या काही सभांना तर मला ओळखू न येणारं काहीतरी गिचमिड, घाबरलेलं. पुढे घुमाव, रेघ, दोन टिंबं. पुढच्या सभेला तेच, त्याच्या पुढच्या सभेला तेच. वहीत गिरवून पक्कं केलेलं.

मग त्या दिवसाचं पान आलं. हजेरीची सही सभा सुरू व्हायच्या आधी करतात. म्हणजे मी तुला स्कूटरवरून उतरवलं, माझा कागद तुझ्या पर्समध्ये होता, आणि तू वर येऊन हे लिहिलंस. साधी, सरळ, अक्षरं सुटी सुटी. घुमाव नाही, रेघ नाही, टिंबं नाहीत. नलिनी सुधाकर, अर्धा रकाना भरून शेजारच्या रकान्यात गेलेली. बोलायला उभी राहायच्या आधीच तू ठरवलं होतंस. आणि त्यानंतरच्या प्रत्येक सभेला तीच सही.

मी त्या अक्षरांवर बोट ठेवून बसलो. बाबूंनी वाकून बघितलं, दोन पानं मागे गेले, परत पुढे आले. कपाळाला आठी पडली त्यांच्या.

“ये वाला तो पीछे वालों से मैच नहीं करता,” ते म्हणाले.

“पीछे वाले मेरे हैं,” मी म्हणालो. “यही असली है.”